ओला चोथा, टेंपेची बुरशी आणि ४०० कोंबड्या: उरुळीच्या शेडमधील नोंदी

५ डिसेंबर २०२४

सोलापूर रस्त्याला, उरुळी कांचनच्या अलीकडे, माझ्या आतेभावाची, म्हणजे दादाची, अंड्यांवरच्या ४०० कोंबड्यांची शेड आहे आणि खाद्य तो स्वतःच भरडून, मिसळून तयार करतो. मक्यापासून इथेनॉल काढण्याकडे कारखान्यांचा ओढा वाढला तसा मका महागला आणि त्याच मक्याचा इथेनॉल काढून उरलेला चोथा बाजारात स्वस्त मिळू लागला. वाळवून विकतात त्याला सगळे डीडीजीएस म्हणतात. न वाळवता विकतात तो ओला चोथा. दाण्यातला स्टार्च यीस्टने खाऊन टाकलेला असल्यामुळे प्रथिने, तेल आणि तंतुमय भाग मूळ मक्याच्या साधारण तिप्पट झालेले असतात. कागदावर उत्तम दिसणारे हे खाद्य दादाने मागच्या उन्हाळ्यात शेकडा १५ पर्यंत नेले, तेव्हा विष्ठा पातळ झाली, अंडी घटली, आणि त्याने ते प्रमाण ८ वर आणून ठेवले.

गायीच्या पोटात तंतू मोडणारे जंतू असतात, कोंबडीकडे ती सोय नाही. शिवाय मक्याच्या प्रथिनात लायसीन, म्हणजे कोंबडीला खाद्यातूनच मिळावा लागणारा प्रथिनांचा एक घटक, मुळातच कमी, आणि चोथा वाळवताना लागणाऱ्या उष्णतेत त्यातलाही काही भाग निकामी होतो. ही दोन दुखणी बुरशीच्या मदतीने कमी करता येतील का, एवढाच माझा प्रश्न आहे. अमेरिकेत आयोवा स्टेट विद्यापीठातील हान्स व्हॅन लीउवेन यांच्या गटाने चोथा गाळून उरणाऱ्या पातळ द्रावणावर ऱ्हायझोपस बुरशी वाढवली, आणि स्वीडनमध्ये बोरोस विद्यापीठात तशाच प्रकारच्या द्रावणावर न्यूरोस्पोरा ही दुसरी बुरशी वाढवण्याचे काम झाले; पण ते सगळे हवा खेळवलेल्या टाक्यांतले काम आहे. माझ्याकडे टाकी नाही आणि ते द्रावण कारखान्याबाहेर मिळतही नाही. म्हणून इंडोनेशियात शिजवलेल्या सोयाबीनवर बुरशी वाढवून टेंपे नावाचा खाद्यपदार्थ करतात त्या पद्धतीने, घन चोथ्यावर, ट्रेमध्ये बुरशी वाढवायची असे ठरवले आहे.

११ डिसेंबर

खरेदी. टेंपेचे विरजण, म्हणजे ऱ्हायझोपस ऑलिगोस्पोरसचे बीजाणू मिसळलेली तांदळाची पूड, ऑनलाइन मागवली. २५० ग्रॅमला १,४०० रुपये पडले. रविवार पेठेतल्या बोहरी आळीतून बेकरीवाले वापरतात तसे जाळीचे १२ ट्रे आणले, प्रत्येकी २२० रुपये. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळच्या गल्लीतून तापमान नियंत्रक, तार आणि होल्डर मिळून १,१५० रुपयांत घेतले. बंद पडलेल्या एका खाणावळीचे मोठे इडलीपात्र जुन्या भांड्यांत ४,५०० रुपयांना मिळाले. सर्वांत महाग पडलेली आणि सर्वांत उपयोगी ठरेल असे आज तरी वाटणारी वस्तू तीच आहे. खाद्याच्या खोलीला लागून असलेली ८ बाय ६ फुटांची अडगळ रिकामी करून चुना मारून घेतला.

१४ ते १६ डिसेंबर, पहिला घाणा

१० किलो कोरडे डीडीजीएस घेतले, त्यात पाणी घालून मुठीत दाबल्यावर बोटांच्या फटीत ओल दिसेल पण थेंब गळणार नाही इतके ओले केले, पाऊण तास वाफवले, ३५ अंशांपर्यंत निवू दिले आणि विरजण मिसळले. इथपर्यंत सर्व ठीक होते. मग जाळीचे ट्रे घरी असूनही, चोथा जाळीतून गळेल या भीतीने तो दोन घमेल्यांत भरला. थर चांगला ८ सेंटिमीटर झाला.

पहिली रात्र थंडीची होती. सकाळी चोथा होता तसाच. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत काही हालचाल नाही म्हणून मी उबेसाठी आणखी एक बल्ब लावला आणि कोथरूडला घरी परतलो. तिसऱ्या दिवशी सकाळी वरून बोटभर पांढरी साय धरलेली दिसली आणि मला आनंद झाला. हात आत घातला तेव्हा तो चटका बसून बाहेर आला. पृष्ठभाग २९ अंश, मध्यभाग ४७. मधला भाग तपकिरी, चिकट, आणि त्याला गोठ्यातल्या मुताचा दर्प. वहिनींनी दारातूनच नाक धरले आणि म्हणाल्या, "भावोजी, इडलीचं पीठ आंबतं तेव्हा असा वास येत नाही. हे कुजलंय."

निदान त्यांनीच केले. बुरशी वाढू लागली की स्वतःच उष्णता सोडते. जाड थरात ती उष्णता आणि कार्बन डायऑक्साइड दोन्ही कोंडतात, बुरशी गुदमरते आणि उष्णतेत टिकणारे जिवाणू जागा घेतात. सगळा माल खड्ड्यात.

२२ डिसेंबर

थर ३.५ सेंटिमीटर, जाळीच्या ट्रेमध्ये, खाली ओला करून घट्ट पिळलेला पंचा. एका ट्रेमध्ये ४ किलो ओला माल बसतो. चोथा गळत नाही. माझी भीती निष्कारण होती. ३० तासांत पांढरा, कापसाच्या गादीसारखा एकसंध थर झाला आणि सुरीने त्याच्या वड्या पाडता आल्या. वासाला ताज्या मशरूमसारखे. पहिला यशस्वी घाणा म्हणून याची नोंद करतो, पण चारपैकी दोनच ट्रे असे झाले. उरलेले दोन बल्बपासून दूर होते आणि ४० तास झाले तरी डाग-डाग उगवले होते.

चूक तापमान नियंत्रकाच्या जोडणीत होती. संवेदक मी खोलीच्या हवेत टांगला होता. हवा २८ अंश झाली की बल्ब बंद होत, पण बल्बाजवळचे ट्रे तोवर ३६ वर गेलेले असत आणि भिंतीकडचे २३ वर. आता संवेदक मधल्या ट्रेच्या चोथ्यात खुपसला आहे आणि बल्ब ट्रेच्या खाली, पत्र्याच्या आडोशाने ठेवले आहेत. छोटा टेबलफॅन भिंतीकडे तोंड करून सतत चालू ठेवतो, म्हणजे हवा फिरते पण चोथा सुकत नाही.

९ जानेवारी २०२५

हिरवे ठिपके. तिसऱ्या ट्रेच्या कडेला रुपयाएवढे चार. टेंपेची बुरशी पांढरी असते, जुनी झाली की राखाडी-काळी होते. हिरवी किंवा पिवळसर हिरवी कधीही नाही. ठिपक्यांपुरता भाग काढून बाकीचे वापरावे असे दादाचे म्हणणे पडले आणि मी नाही म्हटले. मक्यावर हिरवी-पिवळी उगवणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन हे विष करणाऱ्या जातीची असू शकते, आणि डोळ्यांनी ती ओळखण्याइतका मी शहाणा नाही. चारही ट्रे खड्ड्यात टाकून वर चुना पसरला, कारण उकिरड्यावर टाकले असते तर मोकळ्या कोंबड्यांनी तेच टिपले असते. या वेळी १६ किलो मालाचे नुकसान.

कारण शोधायला दोन दिवस लागले. वाफवलेला चोथा लवकर निवावा म्हणून मी तो शेडच्या व्हरांड्यात ताडपत्रीवर पसरून पंखा लावत होतो, आणि तो पंखा शेडमधल्या तुसाची धूळ थेट त्यावर उडवत होता. आता चोथा इडलीपात्रातच, झाकणाऐवजी स्वच्छ पंचा बांधून निवतो. पाऊण तासाऐवजी अडीच तास लागतात, पण त्यानंतर हिरवे दिसलेले नाही.

२३ जानेवारी

गुरुवारी दुरुस्तीसाठी वीज जाते हे पुणेकराला वेगळे सांगावे लागत नाही, मीच विसरलो. सकाळी नऊला वीज गेली तेव्हा घाणा १६ तासांचा होता, म्हणजे सर्वांत जास्त उष्णता सोडण्याच्या अवस्थेत. दुपारी दोनला मी पोहोचलो तेव्हा पंखा बंद, चोथा ४४ अंश. ट्रे बाहेर सावलीत काढून एकमेकांपासून दूर ठेवले आणि चोथा हाताने एकदा मोडून सैल केला. तापमान तासाभरात ३४ वर आले आणि, आश्चर्य म्हणजे, बुरशीने पुन्हा धरले, जरी गादी पूर्वीइतकी घट्ट झाली नाही. थंडीत वाटते की आपले काम ऊब देण्याचे आहे. पहिल्या १२ तासांनंतर ते उष्णता काढून घेण्याचे होते.

३ फेब्रुवारी

आज लिहायला सर्वांत जास्त संकोच वाटतो आहे. जानेवारीच्या मध्यावर मी एका घाण्यात शेकडा दीड युरिया मिसळला होता. बुरशीला नत्र मिळाले तर ती जास्त प्रथिने करेल, असा माझा हिशेब. खासगी प्रयोगशाळेचा अहवाल आला: कच्चा माल २९.१ टक्के प्रथिने, बुरशी वाढवलेला ३३.०, युरियाचा ३६.८. मी तो कागद खिशात घालून दोन दिवस मिरवला.

दादाकडे येणाऱ्या पशुवैद्य डॉक्टरांनी अहवालाकडे एकदाच पाहिले आणि विचारले, "यात युरिया राहिला नाही हे कशावरून?" प्रयोगशाळा प्रथिने मोजत नाही, ती नत्र मोजते आणि ६.२५ ने गुणते. बुरशीने न खाल्लेला युरियासुद्धा त्या आकड्यात प्रथिने म्हणून मिरवतो. गायीच्या खुराकात थोडा युरिया चालतो, कारण तिच्या पोटातले जंतू त्याचा उपयोग करतात. कोंबडीला त्याचा उपयोग नाही, अपाय मात्र आहे. तो माल सुदैवाने अजून कोंबड्यांना दिलेला नव्हता. झेंडूच्या वाफ्यात गेला.

मग ३३.० या आकड्याचीही मी खोडी काढून पाहिली. घाण्याआधी आणि नंतर कोरडे वजन करून पाहिले असता १०० किलोचे ८९ किलो उरतात. बाकीचे ११ किलो बुरशी श्वसनात जाळते. २९.१ ला ०.८९ ने भागले की ३२.७ येतात. म्हणजे प्रथिनांची टक्केवारी जी वाढली ती जवळजवळ सगळी माल आटल्यामुळे वाढली. बुरशी हवेतून नत्र आणत नाही, त्यामुळे एकूण नत्र तेवढेच राहणार. ती करते ते एवढेच की, त्यातला काही भाग स्वतःच्या शरीरात, वेगळ्या प्रतीच्या प्रथिनात रूपांतरित करते. म्हणून महागडी असली तरी लायसीनची वेगळी तपासणी करून घेतली: आधी ०.८२ टक्के, नंतर १.०६. नुसते आटण्याने ते ०.९२ झाले असते. त्यापुढची वाढ ही बुरशीची खरी कमाई. कोणी असा प्रयोग करून फक्त प्रथिनांचा आकडा दाखवत असेल, तर त्याला कोरड्या वजनाची घट आधी विचारावी.

१८ फेब्रुवारी

तपासण्यांवर एकूण ७,८०० रुपये झाले, त्यांतली ही शेवटची आणि सर्वांत कामाची. नव्या पोत्यातल्या डीडीजीएसमध्ये अफ्लाटॉक्सिन बी१ किलोमागे ३८ मायक्रोग्रॅम निघाले. त्याच पोत्यातल्या बुरशी वाढवलेल्या मालात ३९. गायी-म्हशींच्या तयार खुराकासाठी भारतीय मानकात कमाल मर्यादा २० आहे आणि हा माल मिश्रणात शेकडा १५ च जाणार असल्यामुळे अंतिम खाद्यात तो आकडा पातळ होतो हे खरे. तरीही मका आणि कोंड्यातून येणारी भर धरली तर मला ते नको होते.

मक्यातले अफ्लाटॉक्सिन इथेनॉल होताना नष्ट होत नाही. स्टार्च निघून जातो, विष मागे राहते आणि चोथ्यात साधारण तिप्पट होते. वाफवण्याच्या तापमानाला ते मोडत नाही. चांगली बुरशी वाढवली की वाईट बुरशीचे विष जाते, असा माझा एक भाबडा समज होता. थोडे मोडले असेलही, पण माल आटल्यामुळे आकडा जिथल्या तिथे राहिला. हेच पोते दादाने शेजारच्या गोठ्याला दिले असते तर विषाचा काही अंश दुधात उतरला असता, आणि दुधासाठी तर मर्यादा किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅम इतकी कडक आहे. व्यापाऱ्याने पोती परत घेतली, तक्रार न करता. आता खरेदीआधी नमुना तपासतो आणि खराब निघाला तर तो माल शेडमध्ये येतच नाही.

२ मार्च

कारखान्याने इंधन जाळून वाळवलेला माल आपण पुन्हा भिजवतो, यातला वेडेपणा उशिराने लक्षात आला. ओला चोथा का नाही? कारखाना थोडा माल देत नाही, पण थेऊर बाजूचा एक दूधवाला टेम्पो भरून मागवतो, त्याच्याकडून किलोला साडेचार रुपयांनी मिळाला. तो मुठीत दाबला की पाणी गळते. ओलावा ६८ टक्के. पहिल्या घाण्यात तसाच भरला आणि चिखलाच्या गोळ्यांभोवती फक्त वरून साय धरली, आत हवा गेलीच नाही.

नंतर १० किलो ओल्या चोथ्याला ३ किलो कोरडे डीडीजीएस मिसळून पाहिले. ओलावा ५५ च्या आसपास येतो, वाफवल्यावर ५७, आणि माल रव्यासारखा सुटा राहतो. हेच प्रमाण कायम केले. रोजचा १६ किलोचा घाणा, चार ट्रे, तीन पाळ्या. कोंबडीला दिवसाला ११० ग्रॅम या हिशेबाने ४४ किलो खाद्य लागते आणि त्याच्या शेकडा १५ एवढा कोरडा माल यातून निघतो.

ओला चोथा उन्हाळ्यात तीन दिवसांत नासतो. मात्र तो मुळातच आंबट असल्यामुळे मुरघासाच्या पिशवीत पायाने तुडवून, हवा काढून, तोंड बांधून ठेवला तर टिकतो. पहिली पिशवी १२ दिवसांनी उघडायची आहे. विरजणही आता घरचेच: भात मोकळा शिजवून त्यावर बुरशी काळी होईपर्यंत चार दिवस वाढवायची, सावलीत वाळवून दळायची. दळताना तोंडाला रुमाल नव्हे, चांगला मास्क हवा. बीजाणूंचा काळा धूर मी एकदा नाकात घेतला आणि रात्रभर खोकलो. तीन पिढ्यांनंतर मूळ विरजणाकडे परत जायचे असे ठरवले आहे.

१० मार्च, वाळवणीचे प्रकरण

आठ दिवस फुकट गेले त्याची ही नोंद. तयार माल साठवता यावा म्हणून वाळवायचा, हे मी सुरुवातीपासून गृहीतच धरले होते. गच्चीवर ताडपत्रीवर पसरला: दोन दिवस लागले, पहिल्या दिवसातच बुरशी काळी पडली, चिमण्यांनी त्यात घाण केली आणि वारा सुटला तेव्हा अर्धा माल शेजारच्या गच्चीवर. जाळीचा सांगाडा आणि पंखा लावून खोलीत वाळवला: वीज आणि वेळ दोन्ही जास्त. गॅसवर कढईत परतला, तर एका घाण्याला लागलेला गॅस पाहून दादा म्हणाला, "यापेक्षा सोयापेंडच आणू."

१६ किलो मालात ९ किलोच्या वर पाणी आहे आणि ते उडवायला लागणारे इंधन कोणीही फुकट देत नाही. कारखान्याचे वाळवणीचे दुखणे मी आपल्या गच्चीवर आणून ठेवले होते. वहिनींनी सरळ विचारले की कोंबड्या शेजारच्या खोलीत आहेत, मग वाळवून ठेवायचे ते कोणासाठी? त्या दिवसापासून वाळवणी बंद. ट्रे तयार झाला की वड्या मोडायच्या, कोरड्या खाद्यात चोळून मिसळायचे आणि त्याच दिवशी संपवायचे.

२४ मार्च

शेडचे दोन भाग आहेत, २०० आणि २००. डावीकडच्या भागाला बुरशीचा माल मिसळलेले खाद्य, उजवीकडे दादाचे नेहमीचे. पहिल्या दिवशी शेकडा ५ ने सुरुवात केली आणि डावीकडच्या कोंबड्यांनी ओले गोळे निवडून बाजूला फेकले. गोळे अक्रोडाएवढे होते, चूक माझीच. भरडणी यंत्राच्या मोठ्या जाळीतून काढल्यावर कणी बारीक झाली आणि तिसऱ्या दिवशी तक्रार संपली. आठवड्याने १०, पुढच्या आठवड्याने १५ असे न्यायचे आहे. ओले मिसळलेले खाद्य गव्हाणीत रात्रभर राहू द्यायचे नाही. सकाळी कोपऱ्यातले आंबलेले खरवडून काढणे हे नवे काम वाढले आहे.

खनिज मिश्रणातले डायकॅल्शियम फॉस्फेट कमी करण्याचा माझा विचार होता, कारण बुरशी फायटेट, म्हणजे दाण्यातला कोंबडीला न पचणारा बांधलेला फॉस्फरस, मोडून तो मोकळा करते असे वाचले होते. डॉक्टरांनी थांबवले. मक्याच्या चोथ्यातला फॉस्फरस यीस्टच्या आंबवणीतच बराचसा मोकळा झालेला असतो, त्यात बुरशीने किती भर घातली हे मोजल्याशिवाय मात्रा कमी केली तर कोंबड्यांचे पाय आणि अंड्यांचे कवच त्याची किंमत मोजतील, असे त्यांचे म्हणणे. मोजायला पैसे उरले नाहीत, म्हणून मात्रा आहे तशीच ठेवली.

१९ एप्रिल

ऊन. दुपारी खोलीत ३८ अंश आणि चोथ्यात ४३. बल्ब कधीच काढून टाकले आहेत. सलग तीन घाणे मध्येच थांबले, चिकट झाले, फेकले. ओली गोणपाटे लावली, दोन पंखे लावले, थर अडीच सेंटिमीटरवर आणला; फरक पडला, पण पुरेसा नाही.

उपाय घड्याळात सापडला. मी सोयीसाठी विरजण संध्याकाळी सात-आठला लावत होतो. बुरशी सर्वांत जास्त तापते ती १४ ते २४ तासांच्या दरम्यान, म्हणजे नेमकी दुसऱ्या दिवशी सकाळी दहा ते रात्री आठ, ऐन उन्हात. आता पहाटे वाफवून सकाळी आठला विरजण लावतो. तापण्याची वेळ रात्री दहानंतर येते, तेव्हा खिडकीतून गार हवा मिळते, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तीनच्या सुमारास माल तयार. तो चारला, संध्याकाळच्या खाद्यातच मिसळतो. उन्हाळ्यात कोंबड्या दुपारी खात नाहीत, संध्याकाळी तुटून पडतात, त्यामुळे हे त्यांनाही मानवले. सहा घाणे सलग बिनबोभाट निघाले. त्यातले चार वहिनींचे आहेत. माझ्या नावावर चाललेला हा उद्योग या महिन्यापासून प्रत्यक्षात त्याच चालवतात, मी आठवड्यातून तीनदा जातो आणि वही लिहितो.

११ मे, हिशेब

डावीकडचा भाग शेकडा १५ वर पूर्ण पाच आठवडे आहे. अंड्यांची रोजची संख्या दोन्ही भागांत सारखी, एखाद-दोन अंड्यांचा फरक रोज इकडचा तिकडे होतो. विष्ठा पातळ झाली नाही, आणि तीच मागच्या वर्षीची मुख्य अडचण होती. पिवळे बलक डावीकडे स्पष्टपणे गडद आहेत, पण त्याचे श्रेय बुरशीला नाही, मक्याच्या रंगाला आहे. उन्हाळा असल्यामुळे दोन्हीकडे अंडी थोडी कमीच आहेत, तेव्हा यावरून फार मोठे काही म्हणण्याची माझी तयारी नाही.

एका घाण्याचा खर्च: ओला चोथा १२.४ किलोचे ५६ रुपये, डीडीजीएस ३.७ किलोचे १७ रुपयांनी ६३, जळण २०, वीज १०, विरजण ८. एकूण १५७ रुपये, आणि हाती साडेसहा किलो कोरडा माल. किलोला साधारण २४ रुपये. यात मजुरी धरलेली नाही. दिवसाचा दीड तास जातो.

१०० किलो खाद्यात या मालाचे १५ किलो घातल्यावर ६ किलो सोयापेंड आणि ९ किलो मका कमी करता आला. नुसत्या प्रथिनांच्या आकड्यावर गेलो असतो तर ८ किलो सोयापेंड काढली असती, पण लायसीनचा हिशेब ६ च्या पुढे जुळत नव्हता आणि डॉक्टरांनी ६ वरही चिमूटभर लायसीन वरून घालायला लावले. सोयापेंड ४० आणि मका २३ रुपये धरला तर वाचले ४४७, घातले ३६०, शिल्लक ८७ रुपये. चारशेही कोंबड्यांना दिले तर दिवसाला ३८ रुपये.

सुरुवातीची गुंतवणूक तपासण्यांसह १७,४९० रुपये झाली. फेकलेला माल वेगळा. वहीत त्याची बेरीज ९६ किलो भरते. ३८ रुपयांच्या हिशेबाने ती रक्कम परत यायला सव्वा वर्ष लागेल, तेही सोयापेंडीचा भाव टिकला तर. दादाला मी हा कागद दाखवला. तो बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला की ४०० कोंबड्यांना हे परवडत नाही, पण दीड तासात चारऐवजी बारा ट्रे भरता येत असतील तर दूधवाल्याच्या मुलाच्या हजार कोंबड्यांचेही आपणच करू. बारा ट्रे भरता येतात. इडलीपात्रात मात्र एका वेळी १६ किलोच मावतात, आणि वाफवणे हेच सर्वांत वेळखाऊ काम आहे. २०० लिटरच्या लोखंडी पिंपात खाली जाळी बसवून वाफ देता येईल का, हे या आठवड्यात पाहणार आहे.

८ जून

पिंपाची पहिली वाफ. खालच्या जाळीची भोके मोठी पडली, चोथा पाण्यात गळून तळाला लागला आणि करपला. जाळीवर पंचा अंथरून दुसऱ्यांदा केले तेव्हा ४० किलो माल सव्वा तासात वाफवून झाला. मधोमध खुपसलेला तापमापक ९६ दाखवत होता, कडेला ९४. पाऊस सुरू झाल्यामुळे हवा दमट आहे आणि ट्रेखालचे पंचे ओले करण्याची गरज उरलेली नाही, उलट ट्रेच्या तळाशी पाणी साचू लागले म्हणून डीडीजीएसचे प्रमाण १० ला ३ ऐवजी साडेतीन केले. १९ दिवस बांधून ठेवलेली मुरघासाची पिशवी आज उघडली: तोंडाजवळ चार बोटे काळे पडले होते ते फेकले, खालचा माल आंबट, पिवळा, स्वच्छ. नऊ ट्रे भरले. रात्री अकराला वहिनींचा फोन आला: मधला ट्रे ३६ वर आहे, एक पंखा बंद केला आहे.